मोटारसायकलच्या इंजिनावर बांधलेल्या गाडीला वेगाचा सेन्सर बसवणे : मोर्शी तालुक्यातील एक प्रकरण

मोर्शी तालुक्यातील एका संत्रा बागायतदाराच्या मुलाने गावातल्याच फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन आसनांची उघडी गाडी बांधून घेतली. सांगाडा नळ्यांचा, इंजिन एका २२० सीसी मोटारसायकलचे आणि गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा, पाच गिअरचा. चारही हब व १४५/७० आर १२ मापाचे टायर एका मोडीत निघालेल्या मारुती ८०० चे आहेत. इंजिनावरच्या १४ दातांच्या स्प्रॉकेटवरून (चेनच्या दातेरी चक्रावरून) चेन मागच्या ४२ दातांच्या स्प्रॉकेटवर जाते. हे मोठे स्प्रॉकेट डिफरन्शियलच्या (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीच्या) घराला सहा बोल्टांनी आवळलेले असून डिफरन्शियलमधून दोन शाफ्ट दोन्ही मागच्या चाकांना जातात. अशी गाडी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि घरी बांधलेल्या एकट्या-दुकट्या गाडीची नोंदणी होणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे ती घरच्या वावरातच फिरते. बागेला वळसा घालणारी, मुरूम टाकून दाबलेली वाट हेच तिचे मैदान.

वावरातल्या गाडीला वेग कशाला मोजायचा, असे कोणीही विचारील. मालकाची कारणे मात्र रास्त होती. आसन जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि इंजिन पाठीमागे उघडे असल्यामुळे ताशी ३० किलोमीटरलाच ५० चा भास होतो, तर कधी सपाट वाटेवर नेमके उलटे घडते. दुसरे असे की, मोटारसायकलीचे वजन ओढण्यासाठी बनलेल्या इंजिनावर आता दुप्पट-तिप्पट बोजा होता. पुढचे स्प्रॉकेट १३, १४ की १५ दातांचे ठेवायचे, हे ठरवण्यासाठी कोणत्या गिअरमध्ये इंजिनाच्या किती फेऱ्यांना किती वेग मिळतो ते कळणे आवश्यक होते. शिवाय इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलायचे याचाही हिशेब हवा होता, कारण असे राबणारे इंजिन ऑइलच्या बाबतीत उधारी ठेवत नाही.

मूळ मोटारसायकलचे मीटर मालकाकडे होतेच आणि तेच बसवावे असा त्याचा पहिला विचार होता. ते मीटर पुढच्या चाकावरून वेग घेणारे होते. त्याचा सेन्सर १७ इंची चाकाच्या आसात बसलेला होता आणि मारुतीच्या हबमध्ये तो बसवायला जागा नव्हती. जागा करून बसवला असता तरी आकडा खोटाच आला असता. १७ इंची रिमवरील ९०/९० मापाच्या टायरचा परीघ साधारण १८६५ मि.मी. भरतो, तर या गाडीचे चाक एका फेऱ्यात त्याहून बरेच कमी अंतर कापते. मीटर चाकाचे फेरे मोजून जुन्याच परिघाने गुणणार, म्हणजे वेग सुमारे वीस टक्क्यांनी फुगून दिसणार. म्हणून परीघ आणि एका फेऱ्यातील पल्सची (सेन्सरकडून मीटरला मिळणाऱ्या विजेच्या ठोक्यांची) संख्या या दोन्ही गोष्टी हाताने भरता येतील असे सुटे डिजिटल मीटर घ्यायचे ठरले.

जागेची निवड

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय सेन्सरचा नव्हता, जागेचा होता. चालत्या गाडीत फिरणाऱ्या गोष्टी अनेक असतात आणि त्यांपैकी प्रत्येकीवर सेन्सर लावता येतो, पण प्रत्येकीचे फिरणे गाडीच्या वेगाशी सारखेच इमानी नसते.

सर्वांत सोपी जागा इंजिनावरच्या लहान स्प्रॉकेटजवळ होती. ती झाकणाच्या आत सुरक्षित आहे, वायर जेमतेम हातभर लागते, आणि स्प्रॉकेट अडकवणाऱ्या पट्टीचे दोन बोल्ट सेन्सरसमोरून फिरतात. चेनचे गुणोत्तर एकास तीन असल्याने चाकाच्या एका फेऱ्यात सहा पल्स मिळाल्या असत्या. पुष्कळ मोठ्या मोटारसायकलींमध्ये वेग गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरून घेतलेला असतो, तोही याच तत्त्वावर. परंतु अशा मोटारसायकलीचे स्प्रॉकेट बदलले की मीटर चुकू लागते, हा अनुभव जुना आहे. इथे तर स्प्रॉकेट बदलून पाहणे हाच सेन्सर बसवण्यामागचा एक हेतू होता. १४ ऐवजी १५ दातांचे स्प्रॉकेट लावल्यावर गाडी त्याच फेऱ्यांना सात टक्के जास्त धावली असती, मीटर मात्र जुनाच आकडा दाखवत राहिले असते. ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा, तिच्याच अलीकडे मोजमाप ठेवण्यात अर्थ नव्हता.

दुसरी जागा पुढच्या चाकाची. या चाकाला इंजिनाचा जोर मिळत नसल्याने ते चिखलात फुकट फिरत नाही, आणि त्या अर्थाने ते सर्वांत खरे बोलते. अडचण वळणावर येते. गाडीच्या दोन चाकांतले अंतर १.२ मीटर आहे आणि बागेच्या कोपऱ्यावरचे वळण साधारण सहा मीटर त्रिज्येचे आहे, त्यामुळे बाहेरचे चाक मध्यापेक्षा दहा टक्के जास्त आणि आतले दहा टक्के कमी धावते. त्याखेरीज पुढचे चाक स्टिअरिंगसोबत वळते व सस्पेन्शनसोबत वरखाली होते, आणि अशा ठिकाणची वायर आतून कधी तुटते ते बाहेरून दिसत नाही.

तिसरी जागा मागच्या मोठ्या स्प्रॉकेटची. ते चेनच्या पलीकडे आहे, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट कितीही बदलले तरी त्याचे आणि चाकांचे नाते बदलत नाही. ते डिफरन्शियलच्या घरालाच बांधलेले असल्याने दोन्ही मागच्या चाकांच्या वेगाची सरासरी त्यात आपोआप मिळते आणि वळणावरची कमी-जास्त जागच्या जागी फिटते. एकच उणीव उरते. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक फिरत राहिले की मीटर गाडीचा नव्हे, चाकांचा वेग दाखवते. एक चाक रुतून थांबले आणि दुसरे भणाणत असले तर त्या भणाणणाऱ्या चाकाच्या निम्मा वेग मीटरवर येतो. ही उणीव मालकाला समजावून सांगितली. त्याने ती मान्य केली, आणि जागा ठरली.

सेन्सर आणि त्याची बसवणी

सेन्सर म्हणून १२ मि.मी. आट्यांचा, तीन वायरींचा, १० ते ३० व्होल्टवर चालणारा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे स्पर्श न करता जवळचा धातू ओळखणारा सेन्सर, घेतला. अमरावती-यवतमाळकडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये अशा जातीचे सेन्सर यंत्रांवर बसवलेले असतात, त्यामुळे तो तालुक्याच्या बाजारातही मागवता येतो आणि तो कसा जोडायचा हे सांगणारा इलेक्ट्रिशियनही भेटतो. चुंबक आणि तो जवळ आल्याचे ओळखणारा हॉल सेन्सर यांची जोडी स्वस्त पडली असती, पण चेनजवळ चुंबक ठेवला की त्यावर लोखंडाचा कीस जमतो, आणि चिकटवलेला चुंबक विदर्भातल्या उन्हाळ्यात किती दिवस जागेवर राहील याची शाश्वती नसते. इंडक्टिव्ह सेन्सरला फक्त धातू दिसतो. ग्रीस, धूळ किंवा ओला चिखल यांच्याकडे तो लक्ष देत नाही.

स्प्रॉकेटचे दातच मोजले तर चाकाच्या फेऱ्यात ४२ पल्स मिळतील, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे होते. ताशी ६० किलोमीटरला त्या सेकंदाला साडेचारशेच्या आसपास झाल्या असत्या, आणि एवढा वेग या सेन्सरला झेपतो. पण १२ मि.मी. तोंडाच्या सेन्सरला नीट ओळखण्यासाठी समोरचा धातूही साधारण तेवढाच रुंद लागतो आणि दोन तुकड्यांमध्ये त्याच्या दुप्पट मोकळी जागा लागते. दातांमध्ये ती मिळत नाही. त्यामुळे सेन्सर कधी दोन दातांना एक समजतो, आणि अर्ध्या भागावर चढलेली चेन त्यात आणखी घोळ घालते. याउलट १० मि.मी. बोल्टाचा माथा १७ च्या पान्याचा असतो आणि सहा बोल्ट ११० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर असल्याने दोन माथ्यांमध्ये सुमारे ४० मि.मी. मोकळे राहतात. सहा बोल्ट म्हणजे फेऱ्याला सहा पल्स. ताशी पाच किलोमीटरलाही सेकंदाला पाचच्या वर पल्स येतात, त्यामुळे कमी वेगाला आकडा अडखळत नाही. निवडलेल्या मीटरमध्ये एका फेऱ्याला एक ते सहा पल्स भरण्याचीच सोय होती, हा जमून आलेला योग.

सेन्सर धरणारी पट्टी कुठे वेल्ड करायची यावर बरीच चर्चा झाली. सांगाड्याची नळी जवळ होती आणि फॅब्रिकेटरने वेल्डिंगची कांडी हातात घेतलीही होती. परंतु या गाडीत चेन ताणण्यासाठी अख्खे डिफरन्शियल लांबट भोकांमधून मागे सरकवले जाते. सेन्सर सांगाड्यावर असता तर चेन ताणताना प्रत्येक वेळी बोल्टांचे वर्तुळ त्याच्या समोरून सरकले असते, आणि काही महिन्यांत माथ्यांऐवजी त्यांच्या कडाच समोर आल्या असत्या. म्हणून पट्टी डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या घरावर, त्याच्यासोबत सरकेल अशी, पाच मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्टीतून बनवली. सेन्सरचे तोंड पट्टीच्या भोकातून पुरेसे बाहेर काढले, कारण चार मि.मी. पल्ल्याच्या या प्रकारच्या सेन्सरच्या तोंडाभोवती धातू असला तर त्याला तोच दिसत राहतो.

फट किती ठेवायची, याचे गणित सोपे आहे. पल्ला चार मि.मी. लिहिलेला असला तरी तापमान आणि व्होल्टेजच्या फरकासह भरवशाचा पल्ला त्याच्या ८१ टक्केच धरायचा असतो, म्हणजे सुमारे सव्वातीन मि.मी. स्प्रॉकेटची थाळी फिरताना सुमारे अर्धा मि.मी. आत-बाहेर होत होती. म्हणून फट मोजायच्या फिलर गेजची पाने एकत्र करून दोन मि.मी.ची फट ठेवली आणि दोन्ही बाजूंचे नट आवळले.

यानंतरची तपासणी मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखी आहे. या सेन्सरच्या पाठीला एक बारीक दिवा असतो आणि समोर धातू आला की तो लागतो. फॅब्रिकेटरने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक मागचे चाक जॅकवर उचलले, ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवले आणि दिवा मोजला. दिवा तीनदा लागला. सहा बोल्ट असताना तीन, म्हणजे सेन्सर निम्मे चुकवतो असा त्याने निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात दुसरे चाक जमिनीवर अडलेले असल्याने डिफरन्शियलचे घर अर्धाच फेरा फिरत होते, आणि तीन हा आकडा बरोबर होता. पण तोच फेरा पुन्हा फिरवल्यावर दिवा दोनदाच लागला, आणि हे डिफरन्शियलने समजावता येत नव्हते. म्हणून दोन्ही चाके उचलून प्रत्यक्ष स्प्रॉकेट एक पूर्ण फेरा फिरवले. दिवा पाचदा लागला.

पाना घेऊन जवळून पाहिल्यावर कारण दिसले. बोल्ट उलटे घातलेले होते. सेन्सरकडे माथे नव्हते, तर नट आणि त्यातून बाहेर आलेली आट्यांची टोके होती. पाच टोके जवळपास सारखी होती, आणि एक बोल्ट आखूड असल्यामुळे त्याचे टोक दोन मि.मी. आत होते. सहातली एक पल्स सुटली तर मीटर १६ टक्क्यांहून अधिक कमी दाखवते, म्हणजे खरा वेग ४८ असताना ४०. असा दोष धोकादायक असतो, कारण आकडा स्थिर असतो आणि खोटा वाटत नाही. सहाही बोल्ट एकाच लांबीचे नवे घेऊन माथे सेन्सरच्या बाजूला केले. फट पुन्हा मोजली आणि दिवा सहादा लागला.

उभ्या गाडीत पळणारे मीटर

मीटर जोडण्यापूर्वी सेन्सरची काळी वायर मल्टिमीटरने तपासली. तपकिरी वायर बॅटरीच्या धनाला, निळी ऋणाला आणि काळी सिग्नलची, अशी या सेन्सरची रंगव्यवस्था असते. घेतलेला सेन्सर एनपीएन प्रकारचा होता, म्हणजे बोल्ट समोर आला की तो सिग्नलची वायर ऋणाकडे ओढतो आणि एरवी मोकळी सोडतो. मात्र काही सेन्सरमध्ये आतच एक रेझिस्टर असतो, आणि त्यामुळे मोकळ्या वायरीवरही बॅटरीचे १२ व्होल्ट उभे राहतात. पाच व्होल्टच्या मीटरला ते थेट दिले तर मीटर जळू शकते. आपल्या सेन्सरमध्ये तसे नव्हते. मीटर जोडले, वावराच्या वाटेवर फेरी झाली आणि आकडा व्यवस्थित आला.

दोन-चार दिवसांनी मालकाचा फोन आला. “सर, गाडी उभी हाये न मीटर पयते!” न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून रेस दिली की मीटरवर ८०, १००, कधी १४० दिसत होते.

अशा वेळी सेन्सर बदलण्याची घाई होते, आणि गॅरेजवाल्याचा सल्लाही तोच होता. त्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर आकडा शून्य राहत होता. इंजिन सुरू करून रेस दिली की आकडा फेऱ्यांसोबत चढत होता. आणि सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला तरी तो तसाच चढत होता. तिसऱ्या गोष्टीने सेन्सर, त्याची फट आणि पट्टीची थरथर या तिघांनाही एकदम मोकळे केले. पल्स सेन्सरकडून येत नव्हत्या, वायर त्या वाटेतच पकडत होती. गाडी घरी नेल्यावर फॅब्रिकेटरने वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सिग्नलची वायर स्पार्क प्लगच्या जाड वायरीसोबत एकाच पट्ट्याने बांधली होती. प्रत्येक ठिणगीला त्या जाड वायरीतून हजारो व्होल्टांचा धक्का जातो, आणि बोल्ट समोर नसताना सिग्नलची वायर मोकळी लोंबत असल्याने शेजारचा धक्का तिला सहज मिळतो.

सिग्नलची वायर सांगाड्याच्या दुसऱ्या बाजूने नेली. साध्या वायरीऐवजी जाळीचे आवरण असलेली, पीळ दिलेली वायर वापरली आणि ती जाळी फक्त मीटरच्या टोकाला ऋणाशी जोडली. दोन्ही टोकांना जोडली असती तर सांगाड्यातला विद्युतप्रवाह जाळीतूनही वाहू लागला असता. मीटरचे ऋण पूर्वी सांगाड्याच्या एका रंगवलेल्या स्क्रूवर होते, ते थेट बॅटरीवर आणले. प्लगची टोपी बिनरेझिस्टरची निघाली, ती पाच किलोओहमची बसवली. मोकळ्या सिग्नलला पाच व्होल्टकडे ओढून धरणारा मीटरचा आतला रेझिस्टर कमजोर वाटल्याने सिग्नल आणि पाच व्होल्ट यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा आणखी एक लावला. यांतल्या नेमक्या कोणत्या उपायाने काम झाले असे विचारल्यास, माझा कौल वायरीचा मार्ग बदलण्याला आहे. तेवढे केल्यावरच आकडा जवळजवळ शांत झाला होता, बाकीच्यांनी उरलेली अधूनमधूनची उडी थांबवली.

मोजणी

परिघाच्या बाबतीत टायरवर छापलेल्या मापावर विसंबणे बरे नाही. १४५/७० आर १२ या मापावरून परीघ १५९५ मि.मी. निघतो, पण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो आणि चाक त्याहून कमी अंतर कापते. टायरवर व जमिनीवर खडूने खूण केली, मालकाला आसनावर बसवले, चाकाचे पाच फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकलली आणि टेपने अंतर मोजले. ते ७.७२ मीटर भरले, म्हणजे एका फेऱ्याला १५४४ मि.मी.

त्यावर वावराच्या धुऱ्यालगतच्या (बांधालगतच्या) सरळ वाटेवर टेपने २०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. १५४४ च्या हिशेबाने या अंतरात ७७७ पल्स यायला हव्या होत्या, सिग्नलच्या वायरीवर लावलेल्या काउंटरने ७८३ दाखवल्या. फरक पाऊण टक्क्याचा होता. मागच्या चाकांना जोर लागत असताना ती किंचित घसरतात, मुरमावर तर जास्तच, त्यामुळे फेरे थोडे जास्त होणे अपेक्षितच होते. ७८३ वरून परीघ १५३३ मि.मी. येतो.

मीटरमध्ये मात्र १५३३ भरला नाही, १५५० भरला. नोंदणी नसलेल्या गाडीला कोणता नियम लावायचा हा प्रश्न असला, तरी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ या बाबतीत शहाणपणाचा आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवले तर ते खऱ्या वेगाच्या एक दशांशात ताशी चार किलोमीटर मिळवून येणाऱ्या मर्यादेत असावे, असे तो सांगतो. खरा वेग ४० असेल तर मीटर ४० ते ४८ मध्ये कुठेही असू शकते. १५५० भरल्याने आकडा एका टक्क्याने चढा राहतो. पुढे टायर झिजला की तो आणखी दोन-अडीच टक्क्यांनी चढेल, पण खाली कधी जाणार नाही. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिले तेव्हा सरळ वाटेवर, वेग स्थिर धरल्यावर, जीपीएस ४० आणि मीटर ४० किंवा ४१ दाखवत होते. वेग वाढवताना किंवा कमी करताना जीपीएस मागे राहतो, म्हणून तेव्हाचे आकडे जमेस धरले नाहीत.

जागेच्या निवडीची खरी परीक्षा पुढचे स्प्रॉकेट बदलले तेव्हा झाली. १४ दातांवर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे ५,००० वर धरले असता मीटर ४२ दाखवत होते. १५ दातांचे बसवून, चेन नव्याने ताणून, मीटरच्या कोणत्याही आकड्याला हात न लावता त्याच गिअरमध्ये तेच फेरे धरले तेव्हा ४५ दिसले, आणि ४२ ला पंधरा चौदांशाने गुणल्यास हाच आकडा येतो. डिफरन्शियल सरकले तरी पट्टी त्याच्यासोबत गेली होती आणि फिलर गेज पुन्हा घातल्यावर फट दोन मि.मी.च भरली. मालकाने शेवटी १४ दातांचेच स्प्रॉकेट परत बसवले, कारण १५ वर बागेतल्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन दम खात होते. पावसाळ्यासाठी पुढच्या डाव्या चाकापर्यंत एक जास्तीची वायर सांगाड्यातून आताच ओढून ठेवली आहे. चिखलात फिरणाऱ्या चाकांमुळे किलोमीटरचा हिशेब फारच फुगू लागला, तर दुसरा सेन्सर तिथे लावता येईल.